वरच्या थरातली अकरा अंडी

वऱ्हाडात आर्णीजवळच्या माझ्या माहेरी गेले की शेजारच्या बायका आधी समुद्राचंच विचारतात. "पाणी घरात तं नाई घुसत ना वं?" मी सांगते, नाही घुसत, तो त्याच्या जागी अन् मी माझ्या. मग कासवांचा विषय निघतो, आणि आई हटकून मधे बोलते, "ते अकरा अंड्यायचं सांग." तिला त्यात भारी मजा येते. माझा मात्र सांगताना अजूनही जीव वरखाली होतो.

मी सातवीनंतर शाळा सोडली. लग्नानंतर नवऱ्याला कोकणात चिऱ्याच्या दगडांच्या ट्रकवर काम मिळालं, आणि मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेतातून उठून थेट समुद्राकाठी जाऊन पडले. तिथे एका काकूंच्या घरी पाहुणे उतरतात. त्यांचा स्वयंपाक मी करते. पहिल्या दिवशी काकूंनी विचारलं, "काय काय येतं गो तुला?" मी भीतभीत म्हटलं, "वरणफळं." त्यांनी तीच करायला लावली, ताट पुसून खाल्लं आणि म्हणाल्या, "उद्यापासून ये." तो दिवस मी विसरत नाही.

पाहुणे येतात ते कासवांची पिल्लं बघायला. कासवीण रात्री वाळूत अंडी पुरते आणि मागे वळून न बघता निघून जाते. काकूंचे दीर, मी त्यांना काकाच म्हणते, पहाटे तिचा माग काढत किनारा चालतात. अंडी अलगद बादलीत घेतात आणि जाळीच्या कुंपणाआड दुसरा खड्डा करून पुरतात, वर टोपली पालथी घालतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. काकूंच्या सासूबाई हीच अंडी उकडून खायच्या म्हणे. आता गावानं ठरवलंय, काकांशिवाय अंड्यांना कोणी हात लावायचा नाही, किनाऱ्याकडचे दिवे लावायचे नाहीत आणि कुंपणाची राखण घराघरानं पाळीपाळीनं करायची.

मला राखणीची पाळी मिळाली ती जुन्या साड्यांमुळे. जाळी एका बाजूनं फाटली होती आणि कोल्हे आत शिरायला बघत होते. आमच्याकडे रानडुकरांसाठी शेताभोवती साड्या बांधतात, तशा मी काकूंच्या साड्या बांधून टाकल्या. काका हसले, "वऱ्हाडीण, हे कुंपण आहे की लग्नाचा मांडव?" पण कोल्हे आले नाहीत. पुढच्या आठवड्यात पाळीच्या यादीत काकूंच्या घरापुढे माझं नाव होतं. शाळा सुटल्यापासून कुठल्या यादीत माझं नाव लागलं नव्हतं.

आणि मग मी ते केलं.

नवं घरटं पुरून पाच दिवस झाले होते. दुपारची राखण माझी. मी एकटीच टोपलीखालच्या वाळूकडे बघत बसले होते आणि मनात आलं, यांची आई तर गेली, मग अंडी फिरवणार कोण? आमची अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी दिवसातून कितीदा तरी चोचीनं अंडी फिरवते. ती आळशी निघाली तर आई कोळशानं खूण करून स्वतः फिरवते. इथे कोणीच नाही! मी टोपली उचलली, कोपरापर्यंत वाळू उकरली आणि वरच्या थरातली अंडी एकेक करून उलटी ठेवली. लिंबाएवढी गोल, बोट जोरात लावलं तर खळगा पडेल अशी. अकरा झाली, तेवढ्यात कुत्रं भुंकलं म्हणून वाळू लोटली. पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी पाहुण्यांना चहा देत होते आणि काका त्यांना सांगत होते, "कासवाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं नसतं. एकदा आतला जीव वरच्या बाजूला चिकटला की ते फिरवायचं नाही. फिरवलं की मेलं."

हातातला चहा मी तिथेच ठेवला. मी चुलीपाशी जाऊन बसले. काकूंनी विचारलं, "काय गो, भूत बघितलंस?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगतेस? त्याला सांग. आत्ता."

काका ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "अकराच का? सगळीच फिरवायची होतीस."

"कुत्रं भुंकलं," मी म्हटलं.

"मग त्या कुत्र्याला उद्या भाकरी घाल."

मला वाटलं, आता यादीतून नाव जाणार. पण काका म्हणाले, "ते घरटं आता तुझं. रोज टोपली उचलून तूच बघायचं. हात मात्र लावायचा नाही."

पन्नास दिवस गेले. एकावन्न. मी रोज बघायची, दोनदा, तीनदा. फोनवर आई म्हणायची, "कायले भेतं वं? निंघतीन." पंचावन्नाव्या सकाळी टोपलीखाली वाळू हलली आणि एक काळं नाक वर आलं. मग दुसरं, मग मोजता येईनात. मी "काका!" म्हणून अशी ओरडले की पाहुणे चपला न घालता पळत आले.

पिल्लं पाण्यात गेल्यावर काकांनी घरटं उकरलं. रिकाम्या टरफलांमध्ये नऊ अंडी तशीच राहिलेली.

"नऊ तर कुठल्याही घरट्यात राहतात," काका वाळू झटकत म्हणाले. ते खरं बोलले की माझ्यासाठी बोलले, मी विचारलं नाही. यादीत नाव होतं तसंच राहिलं.

"म्हंजे ते अकराच्या अकरा तं वाचलेच," आई दर वेळी हिशेब करते.

"वाचलेल्यांत ती होती कशावरून, आई?"

"होतेच. मी सांगून राह्यली ना."

यंदा गेले तेव्हा तिची कोंबडी खुडूक होती. दाणे खायला उठली तशी आई म्हणाली, "जाय वं, तेवढे अंडे फिरवून ये."

मी जागची हलले नाही. म्हटलं, "तूच फिरव."