सुरमईसाठी ठोकलेले चमचे

लालबागला भांड्यांच्या एका दुकानात मोडीत आलेल्या स्टील-पितळेचं पिंप असतं. माझा मोठा भाऊ त्यात कोपरापर्यंत हात घालून चमचे उपसायचा. एकेक चमचा दोन्ही अंगठ्यांखाली धरून वाकवून बघायचा. सहज वाकला की परत पिंपात, तोही आदळून. दुकानदार म्हणायचा, "अहो, हळू." दादाच्या कानावर ते जायचं नाही. त्याला हवा असायचा जुना, जाड, जर्मन सिल्व्हरचा, पुढे निमुळता होत गेलेला चमचा. असा चमचा वाकायला नखरे करतो, पण एकदा वाकला की घेतलेला आकार सोडत नाही.

हे चमचे जेवायला नव्हते. दादा ते सुरमई गरवायला वापरायचा. चालत्या बोटीच्या मागे लांब तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, सोडायचा, त्याच्या टोकाला चमचा, चमच्याला गरी. बोट पळत राहते, चमचा पाण्यात लपलपतो आणि सुरमईला वाटतं, मासा चाललाय. दुकानात असे तयार चमचे मिळतात, रंगीबेरंगी. आणून बघितले होते आम्ही. सुरमईच्या पहिल्याच चाव्यात रंग उडाला आणि पातळ पत्रा पापडासारखा वाकडा झाला.

म्हणून दादा स्वतःचे बनवायचा. चमच्याची दांडी करवतीने कापायची, कड कानशीने घासायची, दोन्ही टोकांना भोकं पाडायची. खरं काम त्यानंतरचं. जेवणाच्या चमच्याचा खळगा खोल असतो. बोट जोरात पळाली की असा चमचा गरगर फिरतो आणि सगळ्या तंगुसाला पीळ घालतो. खळगा ठोकून उथळ करायचा आणि शेपटाकडचं टोक थोडं उलट्या अंगाला वळवायचं. मग तो फिरत नाही, झोकांड्या खात जातो. कुणीतरी आधीच चावलेला मासा जसा एका कुशीवर पडत, सावरत, परत पडत पळतो, अगदी तसा. दादा मला म्हणायचा, "बाय, धडधाकट माशामागे कोण कशाला धावेल? जखमी दिसला पाहिजे." आणि हातोडा उचलायचा.

तो हातोडा आमच्या घरात सकाळ-दुपार चालायचा. करी रोडची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यात मिळालेल्या घरात आम्ही दोघंच राहतो. मी परळच्या एका मोठ्या इस्पितळात नर्स आहे, अपघात विभागात. दादा एका कंपनीची बस चालवायचा. परळच्या पुलाखाली एका टेम्पोवाल्याने कट मारला म्हणून दादाने खाली उतरून त्याचा जबडा मोडला. टेम्पोवाल्याला आणलं माझ्याच विभागात. मी त्याच्या तोंडातलं रक्त पुसत होते आणि तो मला सांगत होता, एक येडा बसवाला होता, सिस्टर. प्रकरण कसंबसं मिटलं, दादाची नोकरी गेली. तेव्हापासून तो घरी बसून चमचे ठोकायचा. मला वाटायचं, बरं आहे, राग चमच्यांवर निघतोय.

टॉवरमध्ये आवाज भिंतीतून उतरतो. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांची आई अंथरुणाला खिळलेली होती. ते आधी दोनदा सांगून गेले, नीट, हात जोडून. तिसऱ्या वेळी दुपारी दार वाजवलं तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

"अहो, आई झोपत नाहीये माझी. प्रत्येक ठोक्याला दचकते. माणसं आहात की कोण?"

दादा तसाच उठून आला. हातात हातोडा. "कोणाला माणूस नाय म्हणतोस?"

"तुम्हाला. पोलिसांना बोलावतो आता."

दादाने त्यांची कॉलर धरून त्यांना दाराच्या चौकटीवर आपटलं. त्यांचा चष्मा पडला. मी स्वयंपाकघरातून धावले आणि मधे घुसले. दादाचं कोपर मागे आलं ते सरळ माझ्या तोंडावर. ओठ फुटला. मला अजून आठवतं ते रक्त नाही, दादाचा उजवा हात आठवतो. तो खांद्याच्या वर गेला होता आणि तिथेच थांबला होता. मी त्या हाताला दोन्ही हातांनी लोंबकळले. खालचे गृहस्थ चष्मा न उचलता जिन्याने पळाले.

पोलीस आले नाहीत. आम्ही दोघं जेवलो नाही. माझ्या ओठाला मीच बर्फ लावला. दादा समोर बसून बघत होता. पुढच्या सुट्टीला मी म्हटलं, "चल, समुद्रावर जाऊ. इथे बसून काय करणार?"

आम्ही ज्यांच्या बोटीने जायचो ते नाखवा म्हातारे होते आणि मोजकं बोलायचे. ते इंजिन सांभाळायचे, आम्ही मागे तंगूस. गढूळ पाणी संपून हिरवं सुरू होतं तिथपर्यंत बोट गेली की दादा पिशवीतून चमचे काढायचा आणि एकेक बोटीच्या कडेला पाण्यात धरून बघायचा. त्या दिवशी त्याने भांडणाच्या वेळी ठोकत होता तोच निवडला. झोकांडी झकास खात होता. त्याला त्याने जाड, तीन टोकांची गरी लावली.

नाखव्यांनी बघितलं. "एकाची लाव रे. तीनची माशापेक्षा माणसाला लागते."

"एक टोक सुटतं, नाखवा. तीन नाय सुटत."

नाखवे इंजिनाकडे वळले.

ऊन वर आलं होतं तेव्हा ओढ आली. सुरमई इतर माशांसारखी चाचपत नाही. मागून पूर्ण वेगाने येते आणि कापते. रॉड कडेवर आपटला, रीळ किंचाळायला लागलं. दादाने पाय रोवले. सुरमई पळाली, थांबली, पुन्हा पळाली. तंगूस त्याच्या बोटावरून घासत गेलं आणि बोट कापलं, ते त्याला कळलंही नाही. तो शिव्या देत होता, मोठ्याने, आनंदाने. खूप महिन्यांनी त्याचा चेहरा मोकळा दिसला. शेवटी ती बोटीशी आली, माझ्या हाताहून लांब, निळी-रुपेरी. नाखव्यांनी लांब दांड्याची आकडी मारली आणि तिला आत ओढलं.

आत आल्यावर तिने खरा दंगा सुरू केला. फळीवर आपटायला लागली, डबा उडाला, रक्ताचे शिंतोडे माझ्या तोंडावर. दादा गुडघ्यावर बसला आणि चमचा काढायला हात पुढे केला. मी "थांब" म्हणेपर्यंत तिने डोकं फिरवलं.

दादाच्या तोंडून जो आवाज आला तो मी इस्पितळातही फार ऐकलेला नाही. गरीचं एक टोक सुरमईच्या जबड्यात होतं. दुसरं त्याच्या अंगठ्याखालच्या मांसात पार रुतलं होतं. ती उसळली की त्याचा हात उसळायचा. ती आपटली की तो आपटायचा. माणूस आणि मासा एकाच लोखंडाला अडकले होते आणि तिला जीव वाचवायचा होता.

नाखव्यांनी दांडका उचलून तिच्या डोक्यात घातला. घाव तिच्यावर पडला, हिसका दादाच्या हाताला बसला. तो ओरडला, "मारू नको! मारू नको रे!"

मी पाण्यात भिजलेलं गोणपाट तिच्यावर टाकलं आणि छातीने तिच्यावर आडवी पडले. गोणपाटाखाली ती थरथरत होती. एवढी ताकद एखाद्या अंगात असते हे मला माहीत नव्हतं. "सुरी द्या," मी म्हटलं. नाखव्यांनी दिली. कल्ल्यांच्या मागे चाचपलं, सुरी घातली आणि दोन्ही हातांनी दाबत गेले, काटा मोडल्याचं जाणवेपर्यंत. गरम नाही, थंड रक्त आलं, मनगटांवरून कोपरापर्यंत. थरथर हळूहळू कमी झाली. मग मी तिचा जबडा गरीभोवती कापून काढला, तेव्हा कुठे दादाचा हात माशापासून सुटला. गरी हातातच होती.

गरीच्या टोकाला उलटा काटा असतो, मागे ओढली तर मांस फाडत येते. एकच रस्ता असतो, ती पुढे ढकलायची, टोक दुसरीकडून कातडी फोडून बाहेर आलं की काटा कापायचा आणि मग मागे घ्यायची. इस्पितळात आधी भूल देतात. इथे बाटलीतलं पाणी होतं, एक पकड आणि तार कापायचा कटर.

"किनाऱ्यावर जाऊन करूया," मी म्हटलं.

"दोन तास लागतील," नाखवे म्हणाले.

दादाने हात माझ्या मांडीवर ठेवला. "कर."

मी गरी पकडीत धरली आणि ढकलली. कातडी वर आली, तंबूसारखी ताणली, फुटत नव्हती. दादा डाव्या मुठीने बोटीच्या कडेवर मारत होता. बोटांच्या सांध्यांची सालं निघाली तरी मारत होता. माझ्याकडे बघत नव्हता. मधेच म्हणाला, "बाय, मी त्याला हातोडा घालणार होतो."

"गप बस. हलू नको."

"खरंच घालणार होतो गो. डोक्यात. तू लोंबकळली नसतीस तर..."

"माहीत आहे मला," मी म्हटलं आणि सगळा जोर लावला. टोक बाहेर आलं. काटा कापला तो उडून पाण्यात गेला. गरी मागे घेतली. दादा कडेवरून वाकून ओकला आणि मग बराच वेळ तसाच वाकून राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. माझे दोन्ही हात रक्ताने बरबटले होते.

नाखव्यांनी बोट वळवली. 

हाताला पू झाला. आमच्याच इस्पितळात चीर देऊन साफ करावा लागला. अंगठा वाचला, पण पूर्ण मिटत नाही. हातोडा त्यात धरवत नाही. बँडेज असतानाच दादा एका सकाळी खालच्या मजल्यावर गेला. मी जिन्यात उभी होते. त्याने बेल वाजवली. दार उघडलं नाही, पण आतून कोणीतरी भोकातून बघत होतं, हे कळत होतं. दादा बंद दारालाच म्हणाला, "मी वरचा. चुकलं माझं. आवाज आता होणार नाय." मग बाईचा आवाज आला, "ठीक आहे. तुम्ही जा आता." तो वर आला आणि चहा कर म्हणाला.

आता चमचे दादा निवडतो, ठोकते मी. कोळीवाड्यात, नाखव्यांच्या जाळ्यांच्या शेडमध्ये, जिथे खाली कोणी राहत नाही. तो बाजूला बसून सांगतो, इथे हलका, इथे जोरात, शेपूट थोडं अजून उलट. गरी एका टोकाची. मासे सुटतात. दादा शिव्या घालतो आणि पुढचा चमचा सोडायला सांगतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या हातात रॉड असताना मोठी सुरमई लागली. मी एकटीने तिला बोटीशी आणलं. हात सुजले, कंबर धरली. नाखव्यांनी आकडीने आत घेतली आणि दांडका माझ्याकडे दिला. आदल्या आठवड्यात आमच्या विभागात एकाच घरातल्या तिघांना आणलं होतं, तिघंही गेले होते. ते मनात होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी मारलं. ती निपचित झाली. मी पुन्हा मारलं. पुन्हा मारलं.

"बाई," नाखवे म्हणाले, "मेली ती."

मला ऐकू आलं होतं. तरी मी आणखी एकदा दांडका उचलला. दादाने पुढे होऊन, त्या न मिटणाऱ्या हाताने, माझं मनगट पकडलं. पकड कच्ची होती, मी सहज झटकली असती. झटकली नाही. त्याने दांडका काढून घेऊन फळीखाली सरकवला, पाण्याची बाटली उघडली आणि माझ्या हातांवर सावकाश पाणी ओतत राहिला.