लांब दांड्याचा डिरेलर

दुष्काळाच्या त्या वर्षी अहमदपुरात नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं, तेही गढूळ आणि वास मारणारं. त्या पाण्यानं तान्ह्या लेकीला अंघोळ घालायची माझी तयारी नव्हती. म्हणून शाळा सुटली की गिअरच्या सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून मी गावाबाहेरच्या विहिरीवर जायचो. येताना मोठा चढ होता. हलका गिअर टाकल्याशिवाय तो निघत नसे.

एक दिवस कॅनचे धक्के खाऊन मागचा डिरेलर मोडला. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो, मागच्या चाकाशी लोंबणारा भाग. सायकल मिस्त्रीनं डब्यातून एक जुना काढला. आखूड, गंजलेला, वर कुणाच्या तरी भंगार सायकलचं काळं ग्रीस थापलेलं. मला शिसारी आली.

"सर, ह्यो आत बसतोय. कॅनला लागणार न्हाई," तो म्हणाला.

"असली घाण मी माझ्या सायकलला लावणार नाही," म्हणत मी नांदेडच्या दुकानातून लांब दांड्याचा, चकचकीत डिरेलर एसटीनं मागवला. मिस्त्रीनं तो उलटसुलट करून पाहिला.

"लई लोंबतंय सर. चढाला गिअर टाकला की हे तारांजवळ जातंय. वरून कॅननं दाबलं तर चाकातच जाईल."

"तुम्ही बसवा हो," मी म्हणालो. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

विहिरीवरच्या रांगेत रिकाम्या घागरी घेऊन माणसं नवा जिल्हा होणार की नाही यावर भांडत होती. मला त्यांची किळस आली. मी मात्र माझा डिरेलर सगळ्यांना दिसेल अशी सायकल उभी केली होती, हे आज सांगताना स्वतःचीच जास्त येते.

चढावर हलका गिअर टाकला. कॅन झुलला, कर्रकन आवाज झाला, चाक जागीच अडकलं आणि मी आडवा झालो. दोन्ही कॅनची झाकणं उडाली. मागून येणाऱ्या दोन बायका धावल्या. मला उचलायला नव्हे, खड्ड्यात साचलेलं पाणी वाटीनं भरून घ्यायला.

"गुरांला तरी होईल," एक म्हणाली.

घरी बायकोनं एवढंच विचारलं, "पाणी?"

"सांडलं."

माठाच्या तळाशी तांब्याभर पाणी होतं. त्यात फडकं बुडवून ती लेकीला पुसू लागली. मी दारात सायकल टेकवली, दोरीवरचं एक फडकं ओढलं आणि त्या वाकड्या डिरेलरवरचा चिखल, ग्रीस पुसत बसलो. चकाकी आहे का अजून, ते बघत होतो.

बायकोनं मान वर केली.

"ते लेकीचं दुपटं हाय," ती म्हणाली. "आता धुवायचं कशानं?"