मॅडमच्या घरी गवार

मखमलाबादच्या लंकाबाई कधी कुणाच्या दारी रिकाम्या हाताने गेल्या नाहीत. बाळंतिणीकडे शेपू, मयताच्या घरी पिठलं-भाकरी, मुलीच्या शाळेतल्या बाईंकडे वांगी. सासूने घालून दिलेली रीत होती. नवरा गेल्यावर अर्ध्या एकरात भाजी पिकवून एकटीने मुलगी वाढवली, तेव्हाही त्यांनी ती मोडली नाही.

मुलगी दिशा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. चौघी मैत्रिणींनी मिळून मातीपरीक्षणाचा प्रकल्प केला. नमुने दिशाने गोळा केले, अर्धाअधिक अहवालही तिनेच लिहिला. तिघींना ‘ए’ मिळाला, तिला ‘सी’. तोंडी परीक्षेत तिने मराठीतून उत्तरं दिली होती. चुकलं मात्र एकही नव्हतं. ‘सी’ राहिला तर एम.एस्सी.ला जागा मिळणार नव्हती. तिने तक्रारीचा अर्ज केला. विभागप्रमुखांनी सुनावणी ठेवली आणि पालकांना घेऊन ये म्हणाले.

आदल्या दिवशी लंकाबाई, दिशाला न सांगता, ग्रेड देणाऱ्या मॅडमचं घर विचारत विचारत गेल्या. टोपलीत कोवळी गवार, वर मोगऱ्याचे गजरे. मॅडम घरी नव्हत्या. टोपली त्यांच्या सासूबाईंच्या हाती दिली.

“दिशाची आई आलती म्हणावं. पोरीकडं जरा बघा.”

सुनावणीच्या दिवशी दिशा आत गेली, त्या बाहेर बाकावर बसल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून मॅडमचा आवाज आला, “ग्रेड वाढवून घ्यायला माझ्या घरी वस्तू पोचवल्या यांनी.”

लंकाबाई उठून आत गेल्या. “मॅडम, घरची गवार व्हती ती. कुणाकडं रिकाम्या हातानं कसं जायचं?”

“आज गवार, उद्या पाकीट, काय मावशी?” एक सर म्हणाले आणि हसले.

विभागप्रमुख मनाने वाईट नव्हते. ते दिशाला म्हणाले, “सुनावणी पुढे चालवली तर मला हे लिहावं लागेल, आईच्या नावासकट. अर्ज मागे घेतलास तर इथेच मिटेल.”

“लिहू दे गं त्यांना,” लंकाबाई म्हणाल्या. “मला कोण वळखतं हितं?”

“मी ओळखते,” दिशा म्हणाली, आणि अर्ज मागे घ्यायला तिने विभागप्रमुखांकडे पेन मागितलं.

बसथांब्यापर्यंत दोघी उन्हातून चालत आल्या.

“म्या जायला नको व्हतं.”

“तू चांगल्या मनानं गेलीस, आई.”

“पण तुझं नुकसान झालं ना.”

दिशाने पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

एम.एस्सी.चे वर्ग सुरू झाले तेव्हा दिशा सातपूरला एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती. शिक्षण विचारलं तर ती बी.एस्सी. लपवून बारावी सांगते, हे लंकाबाईंना तिच्याबरोबर काम करणाऱ्या शेजारच्या नवसाबाईकडून कळलं. त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला जेवायला वाढलं आणि तिचं जेवण होईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या.