कॉइलवरचा लाल ठिपका

आईला बसून प्रवास जमत नाही. बसलं की पाठीमुळे दहा मिनिटांत आडवं व्हावं लागतं. महाडचं चवदार तळं एकदा पुन्हा बघायचंय, एवढंच तिचं मागणं होतं. म्हणून मी जुनी पेट्रोल व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढून तिच्या मापाची गादी बसवली, शेगडीसाठी छोटा ओटा केला आणि त्याखाली एक ड्रॉवर. फक्त घाटात गाडी चालवायचं धाडस माझ्यात नव्हतं. ठाकुर्लीच्या शाळेपासूनचा माझा मित्र शीळफाट्याजवळ स्वतःच्याच जमिनीवर गॅरेज चालवतो. तो म्हणाला, "मावशीला मी नेतो. तू मागं बसून चहा कर."

निघायच्या आठवडाभर आधी गाडी चढावर झटके द्यायला लागली. मित्राने कान देऊन ऐकलं. "दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग हाय, मधेच पेटत नाय. प्लग चारी बदलू. कॉइल पण गेली असंल, आणून ठेव."

त्या 'असंल'मध्ये माझं मन अडकलं. ऑफिसात एकाने सांगितलेलं, गॅरेजवाले जुनाच पार्ट पुसून लावतात आणि नवा दुसऱ्याच गाडीत जातो. मित्राचा शब्द मला कमी पडला, या ऐकीव गोष्टीवर मात्र विश्वास बसला. प्लग आणि कॉइल मी स्वतः कल्याणहून आणले. गाडी त्याच्याकडे सोडण्याआधी ड्रायव्हरची सीट उचलली. खाली इंजिनावर चार कॉइल ओळीत होत्या, प्रत्येक प्लगला ठिणगी देणारी एक. जुनीच परत लावली तर कळावं, म्हणून दोन नंबरच्या कॉइलवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. कुणी बघत नाही ना, हे दोनदा तपासून.

काम झाल्यावर त्याने चारही जुने प्लग कागदात बांधून दिले. "दोन नंबरचा बघ, पार कोळसा झालाय." मी कागदात जुनी कॉइल शोधत होतो. नव्हती. विचारलं मात्र नाही. कोपरला, आमच्या बिल्डिंगखाली, सीट उचलून बघितलं. लाल ठिपका तीन नंबरवर. चारांत नवी कॉइल एकही नाही. खराब कॉइल शेजारी सरकवली आणि नवी ढापली, मी ठरवूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर विचारलं, "नवी कॉइल कोणाच्या गाडीत गेली?"

"काय बोलतोस रं?"

"दोनची कॉइल तीनवर कशी आली? मी खूण केलेली."

तो हात पुसत राहिला. "ती लाल टिकली तू लावलीस? मना वाटला वहिनीनं लावली, गाडीला नजर लागू नये म्हणून." एक गिऱ्हाईक हसलं. तो नाही हसला. माझ्याच व्हॅनमध्ये चढून त्याने ओट्याखालचा ड्रॉवर उघडला. आत नव्या कॉइलचा बंद डबा.

"दोन नि तीनची कॉइल बदलून बघितली. कॉइल खराब असती, तर मिसिंग तिच्यासंगं तीनवर गेलं असतं. नाय गेलं. म्हणजे दोष प्लगचा. चांगली कॉइल कशाला फेकायची? नवी वाटेत लागली तर म्हणून ठेवली."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"मावशीला आता तूच ने. मी चालवायला बसलो, तर घाटभर तू माझ्या हातांकडं बघशील." चावी माझ्या हातात देत म्हणाला, "उतारावर दुसऱ्या गिअरला ठेव. काय नाय होत."

मी नेलं तिला. इंजिन एकदाही अडखळलं नाही. तळ्याच्या पायरीवर ती बराच वेळ हात जोडून उभी होती, आणि परतताना तिने त्याच्यासाठी पोह्याचे पापड घेतले. तो का नाही आला, हे तिने तीनदा विचारलं. त्याला काम निघालं, असं मी सांगितलं.

पापड अजून ड्रॉवरमध्ये आहेत, त्या बंद डब्याशेजारी. दोनदा शीळफाट्यापर्यंत जाऊन मी गाडी वळवली. काल आईने विचारलं, "दिलेस का रे पापड?"

"दिले," मी म्हणालो. "आवडले त्याला."