आधी शिस्त, मग मशीन

आमच्या सरांच्या पोटाला पंप लावला, त्या दिवशी मी इतकी हसले की बाकावर बसलेल्या एका आजोबांनी उठून मला पाणी आणून दिलं.

नीट सांगते. मी नाशकात एका डायबेटिसच्या दवाखान्यात डाएटिशियन आहे. पेशंट मला ‘डाएटवाल्या मॅडम’ म्हणतात आणि मी दिसले की चिवड्याचा पुडा पटकन पिशवीत ढकलतात. सर म्हणजे आमचे डॉक्टर. हाताला गुण आहे, पण जीभ अशी की अर्धे पेशंट आधी माझ्याकडे येऊन ‘आज मूड कसाय?’ विचारतात. इन्सुलिन आपोआप देणारा पंप आल्यापासून त्यांचं एकच पालुपद: आधी शिस्त, मग मशीन. खाल्लेल्या प्रत्येक घासाची जो नोंद ठेवेल, त्यालाच पंप मिळेल. बाकीच्यांनी सुया टोचत बसा. असा पेशंट मला तरी अजून भेटलेला नाही.

त्यात सायखेड्याची ती पोर आली. लहानपणापासून टाइप वन, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनतच नाही, बाहेरून टोचायचं. बारावी झाली, पुण्याला कॉलेजात नंबर लागला, हॉस्टेलही मिळालं. पण तिची साखर झोपेत धाडकन उतरायची. म्हणून आई रोज रात्री उठून तिच्या बोटातलं थेंबभर रक्त तपासायची. पंप ते काम स्वतः करतो. साखर उतरायला लागली की इन्सुलिन थांबवतो, चढली की वाढवतो.

“मशीन असलं तरच पाठवीन, मॅडम,” आई म्हणाली. “तिथं रातीचं कोण उठनार हाय हिच्यासाठी? नायतर नाय.”

पैशांची सोय मामाने केली होती. अडलं होतं ते सरांच्या होकारापाशी. सरांनी पोरीच्या नोंदी बघितल्या आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“मंगळवारचं जेवण कुठंय?”

“विसरले, सर.”

“मग मशीनही विसर.”

पोरीचं तोंड एवढंसं झालं आणि माझं डोकं सणकलं. म्हटलं, “सर, आठवडाभर तुम्हीच लावून बघा ना!” डेमोचा पंप कपाटात धूळ खात पडला होता. इन्सुलिनऐवजी सलाईन भरलं की तो कुणालाही लावता येतो. सर पेटलेच. “लावा! आणि माझा ग्राफ हिच्याही फोनवर दिसू दे. शिस्त कशाला म्हणतात ते कळेल.”

झालं! दंडावर साखर मोजणारा सेन्सर, पोटाला नळी, पट्ट्याला पंप, आणि जेवायच्या आधी पंपात नोंद. पहिल्याच सकाळी सर ऐटीत केबिनमधून निघाले आणि नळी दाराच्या कडीत अडकली. “आई गं!” अख्ख्या दवाखान्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी एका काकूंना ते आंब्यावरून झापत होते, तर पंप जेवणाची नोंद मागत जो कोकलायला लागला तो थांबेचना. काकूंनी विचारलं, “डॉक्टर, तुम्ही पण खाल्ला काय?” मी फाईल तोंडावर धरून बाहेर पळाले.

रविवारी सकाळी पोरीचा मेसेज आला. ‘मॅडम, सरांच्या ग्राफवर डोंगर आलाय. नोंद काहीच नाही.’

मी सरांना फोन लावला. “कुठे आहात, सर?”

“कुठे म्हणजे? घरीच.”

मागून खणखणीत आवाज आला, “साहेब, तर्री वाढू का? जिलबी गरम आहे!”

अहो, मी किचनच्या ओट्याला धरून खाली बसले. नवरा धावत आला, हसून मला बोलता येईना. मिसळ खाताना पकडलेले पेशंट आजवर खूप बघितले होते, पण स्वतः सर! देवा रे देवा!

आठवडा संपला. पोर, आई आणि मी केबिनमध्ये. पोरीने फोन टेबलावर ठेवला. सर घसा खाकरून म्हणाले, “रविवारी ना, पाहुणे आले होते. दोनच घास खाल्ले. आणि मधे एका दुपारी नोंद करायला... विसरलो.” ही सगळी कारणं मी रोज ऐकते, त्याच क्रमाने. मला हसू आवरेना, आईने पदर तोंडाला लावला, पोर तर टेबलावर डोकं टेकून खदखदत होती. शेवटी सरही हसायला लागले, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग चष्मा पुसता पुसता त्यांनी पोरीला विचारलं, “मला तर परवापासूनच कंटाळा आला होता. कधी एकदा काढून फेकतो असं झालं होतं. तू काय करतेस कंटाळा आल्यावर?”

“काही नाही, सर. करतेच. माझा आजार काढून फेकता येत नाही ना.”

सरांनी पोटावरची नळी स्वतःच काढली आणि मला म्हणाले, “मॅडम, हिला आजच शिकवायला घ्या. पुण्याला जायच्या आत सगळं आलं पाहिजे.”

मी तिथेच पोरीला मिठी मारली. दवाखान्याची शिस्त गेली खड्ड्यात.

पोर पुण्याला गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी आईचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला, सर शेजारीच चहा पीत होते.

“मॅडम, सवयीनं जाग आलीच हो. मोबाईलवर बघितलं, तर साखर सरळ रेघेत. लेक तिकडं झोपलेली. उजाडेपर्यंत बघतच बसले मी. आता रातीचं उठून मी करू तरी काय?”

सरांनी कप खाली ठेवला. एरवी पेशंटला पानभर सूचना देणारा हा माणूस फोनजवळ वाकून एवढंच म्हणाला, “झोपा, ताई.”