बाईंची खुर्ची

बाईंना राग यायला कारण लागत नसे. सुई तुटली तरी राग, न तुटता बोथट झाली तरी राग. दवाखान्यांचे पांढरे कोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात बाई शिवणखात्याच्या मुकादम होत्या, आणि पाठीमागं सगळ्या त्यांना जमदग्नी म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. त्याचाही राग होताच.

पण सगळ्यात जास्त राग यायचा तो ‘बाई, काय करू?’ या प्रश्नाचा. कुणी असं विचारलं की बाई ताडकन उठत. “बस माझ्या खुर्चीत. खांद्यावर डोकं आहे ना? मग ठरव.” ती बिचारी अंग चोरून बसे, आणि तिचं मशिन तोवर बाई स्वतः चालवत. तोंडाचा पट्टा चालूच. काहीतरी ठरल्याशिवाय उठायची सोय नव्हती. अशानं त्या खात्यातल्या बायका हळूहळू स्वतःच्या डोक्यानं चालायला लागल्या.

हळूबाई मात्र खुर्चीकडे कधी फिरकली नव्हती. ती खिसे शिवायची, आणि बोलायची इतकं हळू की शेजारणीला मशिन थांबवावं लागे. नवरा आजारी, दोन पोरं शाळेत, सगळं घर तिच्या पगारावर. एक दिवस धीर करून म्हणाली, “बाई, नर्स वाकल्या की खिशातलं सगळं खाली पडतं म्हणतात. खिसा खोल केला तर? काय करू?”

बाईंनी नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं.

हळूबाईनं ठरवलं. खिसे खोल झाले, आणि असे खोल झाले की तळाशी गेलेलं पेन काढायला कोट अंगातून उतरवावा लागे. अख्खा माल परत आला. बाईंनी तिची अशी खरडपट्टी काढली की विचारू नका. “पुढच्या वेळी आधी एकच शिव, कुणाच्या तरी अंगात घालून बघ,” शेवटी म्हणाल्या. ‘पुढच्या वेळी’ ऐकून हळूबाईचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात साहेब खाली आले. याच साहेबांनी नुकतंच भिंतीवर मोठं पोस्टर लावलं होतं, ‘इथला प्रत्येक कामगार मालक आहे.’ धाडस करा, नवं करून बघा, असं भाषण ठोकून टाळ्याही घेतल्या होत्या.

“खिसे कुणी बदलले? नाव सांगा, आजच घरी पाठवतो.”

हळूबाई अर्धवट उठली. बाईंनी अशी नजर टाकली की ती मटकन खाली बसली.

“खुर्ची माझी, तेव्हा नाव माझं,” बाई म्हणाल्या.

“उगाच दुसऱ्याचं अंगावर घेऊ नका. नाव द्या, नाहीतर खुर्ची सोडा.”

बाईंचं डोकं फिरलं. “मागं तुम्ही ते आटणारं कापड उचललंत, ते अजून गोदामात पडलंय. तुम्हाला कुणी घरी पाठवलं? तुमची चूक म्हणजे अनुभव आणि आमची म्हणजे गुन्हा. असली मालकी तुमची तुम्हालाच लखलाभ. आज हिला, म्हणजे मला, काढलंत ना, तर उद्या या बायका धागा बदलायलाही तुमच्याकडे येतील. आणि बरोबरच करतील.”

“संध्याकाळपर्यंत कपाट मोकळं करा,” म्हणून साहेब लालबुंद चेहऱ्यानं वर निघून गेले.

बाई संध्याकाळपर्यंत कशाला थांबतात. डबा, चष्मा, कात्री पिशवीत कोंबली आणि निघाल्या. दारात वळून बघतात तर सगळी मशिनं बंद. बटणं लावणारी रडवेल्या आवाजात म्हणाली, “बाई, आता काय करायचं?”

“पुन्हा तेच,” बाई कडाडल्या. “खुर्ची रिकामी आहे, दिसत नाही?”

कुणी हललं नाही. मग हळूबाई उठली, नाक पुसलं आणि खुर्चीत जाऊन बसली. अंग न चोरता बसली.

“आधी परत आलेले खिसे उसवा,” ती म्हणाली. मशिनं चालू असती तरी ऐकू गेलं असतं. मग दाराकडे बघून म्हणाली, “आणि बाई, तुम्ही निघा. कामाच्या वेळात इथं उभं राहू नका.”

बाईंशी आजवर असं कुणी बोललं नव्हतं. त्या मुकाट्यानं निघाल्या. जिन्यात त्यांना रडू फुटलं, आणि त्याचाही त्यांना राग आला.