दुसऱ्याच्या घरचं पाणी

हे मी माझ्या बायकोला, शालनला, सांगितलेलं नाही. मुलीला नाही, डॉक्टरांना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? बहुधा तुम्ही मला आधी पाणी विचारणार नाही, म्हणून.

सध्या माझं बरं चाललंय, हे सांगून टाकतो. आठवड्यातून तीनदा इंदुरीहून तळेगावला डायलिसिसला जातो, मशिनला लागतो, डुलकी काढतो, घरी येऊन इंद्रायणीचा मऊ भात खातो. हृदयही पूर्वीपेक्षा बरं चालतंय म्हणतात. शालन वाटीनं पाणी मोजून देते आणि वर चिडवते, की गेल्या जन्मी चिमणी होतात काय. मी हसतो. सुखी आहे मी — आणि तेच तर बोचतं.

किडन्या गेल्या, की पोटात गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. ते अंगात साठतं, पायांत, फुफ्फुसांत, आणि ते वागवता वागवता हृदय थकतं. डॉक्टरांनी हे सुरुवातीलाच समजावलं होतं. पाणी सांभाळा आणि मीठ सांभाळा, मिठानं तहान वाढते. मीठ शालनच्या हातात, पाणी माझ्या. अशी आमची वाटणी झाली.

घरात मी ठरल्यापेक्षा एक घोट जास्त घेतला नाही. खरंच नाही. पण घराबाहेर?

आमच्याकडे कुणाच्या दारात गेलं, की आधी तांब्या पुढे येतो. नको म्हणायची सोय नसते — आमच्या घरचं पाणी चालंना व्हय, असं लगेच ऐकावं लागतं. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी जायला लागलो. कंपनीत स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला, माणूसघाणा म्हणून गावभर नाव असलेला मी — एकाएकी पाहुण्यारावळ्यांत रमलो. कुणाच्या म्हशीची चौकशी, कुणाच्या गुडघ्याची. आधी तांब्या, मग चहा, निघताना ताक. आजार सगळ्यांना माहीत होता, पाण्याचं पथ्य मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर तांब्या आला असता का? शालन मात्र खूश होती. म्हणायची, आजारपणानं माणसाळलात.

सेंटरमध्ये वजनाचा काटा दर वेळी चढलेला. एवढं पाणी मशिननं एका बैठकीत ओढायचं म्हणजे पायांत गोळे, डोळ्यांपुढे अंधारी. मग बाहेर बसलेल्या शालनला विचारणा व्हायची — मीठ जास्त होतंय का? ती मान खाली घालायची. आमटीतलं मीठ तिनं कमी केलं, मग भाकरीतलं, मग स्वतःच्या ताटातलंही. आणि मी? जेवण अळणी झालं म्हणून कुरकुरायचो.

उन्हाळ्यात सुदुंबऱ्याला बहिणीच्या सासरी साखरपुडा होता. शालन मांडवात बायकांत, मी ओसरीवर पुरुषांत. पन्हं झालं, मठ्ठा झाला, मग पुन्हा मठ्ठा. संध्याकाळी घरी येऊन आडवा झालो आणि श्वासच पुरेना. उठून बसलो तरी पुरेना. कोरड्या अंथरुणावर माणूस बुडतो, हे मला त्या दिवशी कळलं. मला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. फुफ्फुसांत पाणी भरलंय, हृदय सुजलंय, असं डॉक्टर शालनला सांगत होते ते मला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी तोंडावरचा मास्क निघाला. शालन खाटेपाशी आली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"आवो, मीच केलं हे," ती म्हणाली. "तुमी दोन घास खाऊन उठायचा, मला बघवायचं न्हाई. म्हणून आमटीत चिमूटभर टाकायची. रोज न्हाई, कवातरी."

चिमूटभर. तेही कधीतरी. ती रडत होती, आणि मला पक्कं माहीत होतं, की हे काम चिमटीचं नव्हे. तोंड मोकळं होतं माझं — मास्क निघालेला होता. तेव्हा मी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, जाऊ दे, झालं ते झालं, मी माफ केलं तुला.

भीती वाटली म्हणून? वाटली होती. पण बरंही वाटलं. खरं सांगतो — तिला माफ करताना मला फार बरं वाटलं.

मग मी लोकांकडे जाणं बंद केलं. काटा खाली आला, धाप गेली, पायांची सूज उतरली. शालनचा हात आवरला म्हणून मी सुधारलो, असं सगळे धरून चालले, तीही. तिच्या कैरीच्या लोणच्याला अख्ख्या आळीतून मागणी असायची. बरण्या तिनं जावेला देऊन टाकल्या. तेव्हापासून लोणचं घातलेलं नाही. स्वतः अळणी जेवते, आता सवय झाली म्हणते.

आणि घरी कुणी आलं की सांगते. कालही सांगितलं. वलवणचे पाहुणे आले होते. त्यांच्या हातात तांब्या दिला, माझ्यापुढे माझी वाटी ठेवली आणि म्हणाली, "माझ्या हातानं जाणार हुते हे. पन एका शब्दानं टोचलं न्हाई मला. असा माणूस मिळाया नशीब लागतं."

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटी उचलली, ओठ ओले केले, आणि मान हलवली.